खानखोजेंच्या मक्याच्या गावी

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. लिहीन लिहीन म्हणता वर्ष होत आलं. परवा आत्याचा पुन्हा फोन: "त्या मेक्सिकोतल्या फटफटीचं लिहिणार होतास ना?" म्हणून आज बसलोच.

कामानिमित्त दोन महिने मेक्सिको सिटीत होतो. मध्ये चार दिवसांची सुट्टी आली. बरोबरच्या मंडळींना समुद्र हवा होता, मला चापिंगो. भाड्याने दीडशे सीसीची मोटरसायकल घेतली आणि एकटाच निघालो. डोक्यात मात्र बाबांचा आदल्या रात्रीचा प्रश्न होता. सेलूकडच्या पाच एकरांना गिऱ्हाईक आलं होतं. विकायची का?

आता चापिंगोच का? तर आमच्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. आजोबा त्यांचं नाव घेताना सावरून बसायचे. टिळकांना मानणारा हा तरुण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशाबाहेर पडला. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला. १९१३ साली तिथे उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत पहिल्या फळीत होता. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध बंदूक घेऊन लढला. मग घरी परतायची सोयच उरली नाही. १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय शेती विद्यालयात शिकवू लागले.

लहानपणी मला वाटायचं, क्रांतिकारक थकला आणि मास्तर झाला. तसं नव्हतं. मेक्सिकोत १९१० साली क्रांती पेटली त्यात जमिनीचा प्रश्न मोठा होता. जमीनदारांच्या अवाढव्य हासिएंदा फोडून गावांना जमीन द्यायची, ही मागणी. पण जमीन हातात आली म्हणून पीक येत नाही. खानखोजेंनी खेड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मक्याच्या जातींवर, मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते याच्यावर काम केलं. त्या कामाचे फोटो तीना मोदोत्तीने काढले. दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक पंगत रंगवली आहे, तिच्या मधोमध बसून भाकर मोडणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. ते चित्र मी निघण्याआधी बघून घेतलं होतं. चापिंगोत २०२२ साली त्यांचा पुतळाही बसला. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि आजोबा नाहीत याचं फार वाईट वाटलं.

असो. तिथून काल्पुलाल्पानच्या रस्त्याने त्लास्कालाकडे निघालो. तिकडचा पाऊस शिस्तीचा. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीन-चारला आभाळ फाटतं. बांधाबांधावर आपल्या घायपाताची थोरली भावंडं, आणि मध्ये पुरुषभर उंच मका. प्रत्येक गावाच्या तोंडाशी 'तोपे' म्हणजे गतिरोधक. त्यातला एक पाण्याखाली होता. दिसला नाही. मी आडवा, गाडी आडवी, गुडघा सोललेला.

शेजारच्या घरातल्या आजींनी आत बोलावलं. माझी स्पॅनिश मोडकी, त्यांना घाई नव्हती. तव्यावर निळ्या मक्याचं काहीतरी जाडसर थापलेलं होतं, आत घेवड्याचं सारण. वर आढ्याला कणसं टांगलेली, पांढरी, लाल, निळी. खायला का, विचारलं. नाही, बियाणं, त्या म्हणाल्या. पेरून उरलेलं. एखाद्या वर्षी पाऊस फसला तर पुन्हा पेरायला.

मागच्या दारातून शेत दिसत होतं. मका, त्यावर चढलेला घेवडा, खाली जमीन झाकणारा भोपळा. याला ते मिल्पा म्हणतात. मका घेवड्याला आधार देतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळा ओल धरून ठेवतो आणि तण दाबतो. आजोबांच्या ज्वारीत तूर आणि मूग असायचे ते आठवलं. आढ्याला ज्वारीची कणसंही असायची. आमच्याकडे ते आढं कधी रिकामं झालं, कुणालाच सांगता येणार नाही.

रात्री त्लास्कालातून बाबांना फोन लावला, तिकडे सकाळ झाली होती. विकायची की नाही ते बोललोच नाही. म्हटलं, "बाबा, आजोबांच्या ज्वारीचं बी कुणाकडे असेल का हो?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तीस वर्षं झाली रे दुकानातून बी आणतो आपण. पण विचारतो."

मिळालं. मामाच्या गावी एका घरी मडक्यात राखेत ठेवलेलं होतं. यंदा अर्ध्या एकरात पेरलंय, तुरीच्या ओळी धरून. पाखरं किती ठेवतील देव जाणे. बाकी कपाशीच. गिऱ्हाईक अजून फोन करतं आणि बाबा "दिवाळीनंतर बघू" म्हणतात. दिवाळीनंतर काय, मलाही माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले, १९६७ साली नागपुरात गेले. वर्ध्याच्या किती शाळांत त्यांचं नाव घेतात? कुणी सांगेल का?

काल बाबांनी फोटो पाठवला. ज्वारी वीतभर वर आली आहे.