पॅटनसमोरची माणसं

दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करून मावळे मांडतात. तसंच पंजाबातल्या खेमकरणजवळचं आसल उत्तर मांडता येईल. सप्टेंबर 1965मध्ये तिथे आपले रणगाडे उसात दबा धरून बसले. कालव्याचं पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानी पॅटन रुतले. आष्ट्याच्या मुलांना ऊस आणि चिखल वेगळा शिकवायला नको!

1:35 मापात माणूस जेमतेम 5 सेंटीमीटर, पॅटन जवळपास दुप्पट उंच. त्यासमोर जीपवरच्या तोफेसह हवालदार अब्दुल हमीद. धामूपूरच्या शिंप्याचा हा मुलगा 10 सप्टेंबरला शहीद झाला. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

नुसता मोडका रणगाडा म्हणजे भंगार. तो मोडणारी माणसंही मांडा. हमीदना मुसलमानांच्या निष्ठेचा पुरावा म्हणून पुढे करणं मला पटत नाही. हा इतिहास आपलाच आहे, एवढं मुलांच्या हातांना कळावं.