आधी नोकरी की आधी पुणे? सोलापूरला हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे

निकाल लागले की पूर्व भाग असो, जुळे सोलापूर असो की विजापूर रोड, घरोघरी एकच वाद सुरू होतो. पोरगं म्हणतं, "जातो की पुण्याला, तिथं गेल्यावर बघू." बाप म्हणतो, "हातात ऑर्डर पडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही." आई दोघांच्या मध्ये. हल्ली आमच्या गल्लीतली पोरं हा वाद माझ्याकडं घेऊन येतात, "सर, तुम्ही सांगा" म्हणून. एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आज आपण जाणारे झालोय, पण हे शहर येणाऱ्यांनीच उभं केलंय. १८७२ च्या जनगणनेत सोलापूरची वस्ती होती सुमारे ५३ हजार. १९०१ मध्ये ती ७५ हजारांवर गेली आणि २०११ मध्ये ९ लाख ५१ हजारांवर. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच चौकात ऐकू येतात, ते उगाच नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधीतरी, कुणीतरी, कुठूनतरी बोचकं घेऊन इथं उतरलेलं आहे. मग त्या माणसानं आधी काम बघितलं होतं का?

१८६० च्या सुमारास मुंबईची रेल्वे सोलापूरपर्यंत आली. १८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये महाभयंकर दुष्काळ पडला. आणि १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली 'जुनी मिल' सुरू झाली. या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीकडं गावात खायला दाणा नाही, दुसरीकडं शहरात भोंगा वाजायला लागला, आणि आसपासच्या गावांतून माणसं निघाली. त्यांच्या हातात कुठलीही ऑर्डर नव्हती. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल उभ्या राहिल्या आणि भोंगे वाढत गेले. तरी गेटवर आलेल्या माणसाला लगेच काम मिळायचं असं नाही. तो 'बदली' म्हणून उभा राहायचा. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम.

काम द्यायचं की नाही, हे ठरवायचा जॉबर. त्याच्या गावचा, त्याच्या नात्यातला असला तर माणूस आत. नसला तर दस्तुरी द्यायची. इंग्रज सरकारनं १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरनं १९३१ च्या अहवालात या जॉबर पद्धतीवर कडक टीका केली. पण गावाकडून आलेल्या माणसाच्या दृष्टीनं बघा. शहरात ओळखीचं एकच दार, ते म्हणजे जॉबर. त्यामुळं 'आधी काम की आधी गाव' या प्रश्नाला मिलवाल्यांचं उत्तर होतं, 'आधी माणूस'. कुणीतरी ओळखीचं असलं की निघायचं. काम महिन्यानं लागलं तरी चालेल, पण पहिल्या रात्री अंथरूण टाकायला जागा पाहिजे.

आता पूर्व भागाकडं येऊ. आमचं मूळ करीमनगरकडचं. वरंगळ, नलगोंडा, मेहबूबनगर या निजामाच्या मुलखातून पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या सोलापुरात येत राहिले. दुष्काळ, सावकार, गावात सुताला न मिळणारा भाव, अशी कारणं. पण हे लोक मिलवाल्यांपेक्षा एका बाबतीत वेगळे होते. ते हातात कसब घेऊन आले. माग कुठल्याही गावचा असो, विणणारा हात तोच. एका कारखानदाराकडं जमलं नाही, तर पलीकडच्या गल्लीत दुसरा माग होताच. बाई आणि पोरं कांड्या भरायची, बाप्या मागावर बसायचा. आल्या आठवड्यात चूल पेटायची.

कारखान्यातलं दुसरं चित्रही सांगितलं पाहिजे. अनेक कारखानदार विणकराला आगाऊ रक्कम द्यायचे. लग्नाला, आजारपणाला, कधी नुसतं गावाहून आणायला. राहायचंही बऱ्याचदा कारखान्यातच, मागाच्या शेजारी पथारी टाकून. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, किती चांगलं! काम आधीच ठरलेलं, जागा ठरलेली, वर हातात पैसे. पण ती उचल फिटेपर्यंत दुसऱ्याकडं जायची सोय नाही. भाव कमी दिला तरी बोलायची सोय नाही. माझी आजी म्हणायची, "पैसं घेऊन आलेल्या माणसाला आवाज नसतो." तिनं अर्थशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण उचल फेडताना माणूस बघितलेला होता.

याहूनही टोकाचं उदाहरण आपल्याच शहरात आहे. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव रोज घेतो, त्यातलं 'सेटलमेंट' काय ते नव्या पोरांना माहीत नसतं. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढं मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या, त्यातली एक मोठी सोलापुरात. भोवती काटेरी तारेचं कुंपण, वेळेवर हजेरी, बाहेर जायला परवानगी. आणि काम? मिलमध्ये. म्हणजे काम आधी ठरलेलं, घर आधी ठरलेलं, सगळं हमखास! फक्त माणूस मोकळा नव्हता. तो कायदा देशभरात रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर. म्हणून विमुक्त समाज तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो.

मी या तीन गोष्टी मुद्दाम ओळीनं मांडल्या. 'आधी काम मिळालं' एवढ्यानं माणूस सुरक्षित होत नाही. ते काम सोडून दुसरीकडं जाता येतं का, हा खरा प्रश्न. बदली कामगार रोज सकाळी उपाशी पोटानं गेटवर उभा असायचा, पण उद्या दुसऱ्या गेटवर जायला मोकळा होता. उचल घेतलेल्याला काम होतं, पण पाय बांधलेले. आणि सेटलमेंटमधल्याला तर गेट निवडायचाच हक्क नव्हता.

बरं, कायम नोकरी तरी किती कायम? १९४९ च्या ऑगस्टमध्ये जुनी मिल बंद पडली. मालकांच्या कारभाराला कंटाळून केंद्र सरकारनं १९५० च्या जानेवारीत खास अध्यादेश काढून ती ताब्यात घेतली. चिरंजीतलाल चौधरी नावाच्या भागधारकानं थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर १९५० मध्ये निकाल लागला. घटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. त्या पुस्तकात समानतेच्या हक्कावर पानंच्या पानं आहेत. पण आपल्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे. ज्या मिलवर हजारो चुली अवलंबून होत्या, ती एका सकाळी थांबली. पुढं ती कायमचीच गेली, आणि १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णूचाही भोंगा थांबला.

तेव्हा शहर कशावर तगलं? बिडीवर. हे आपण नीट कधी बोलत नाही. मिलमधला किंवा मागावरचा नवरा आणि बिड्या वळणारी बायको, अशी घरं सोलापुरात हजारोंनी होती, आजही आहेत. पान-तंबाखू घरी आणायचं, हजाराच्या हिशेबानं बिड्या वळून द्यायच्या. मजुरी तुटपुंजी, छातीचे आणि पाठीचे आजार वेगळे. तरी मिलला कुलूप लागलं तेव्हा पोरांच्या शाळेची फी याच बायांनी भरली. घराला कमाईची दोन दारं होती, एक बंद झालं तर दुसरं उघडं होतं. ठरवून केलेली युक्ती नव्हती ती, गरजेनं झालेली व्यवस्था होती. पण तीच कामाला आली.

याच बायांनी आणि यंत्रमागावरच्या कामगारांनी लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं लढून घरं मिळवली. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते रे नगरच्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांचं वाटप झालं. कामगारांच्या मालकीची घरं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण तिथं आपला प्रश्न उलटा होऊन उभा राहतो. घर आधी मिळालं, आता कामाचं काय? बिडीची टोपली कुंभारीला नेता येते, यंत्रमाग नेता येत नाही. घर आणि काम यांच्यामध्ये एक बस लागते, दवाखाना लागतो, शाळा लागते. उद्घाटनानंतर ते बघायचं काम महापालिकेचं आणि आपलं.

आता पुण्याचं. दीडशे वर्षं माणसं आत आली, आता हुतात्मा एक्सप्रेस भरून बाहेर चाललीत. चाकण, रांजणगाव, हिंजवडी. नावं बदलली, माणसं बदलली, पण त्या जुन्या गोष्टी तशाच आहेत. मुलाखतीआधीच पैसे मागणारा 'कन्सल्टन्सी'वाला म्हणजे जुना जॉबर, आणि ती फी म्हणजे दस्तुरी. काही महिन्यांनी ब्रेक देणारा कंत्राटदार म्हणजे बदलीचा रजिस्टर. आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारी, दोन-तीन वर्षांचा बॉन्ड लिहून घेणारी कंपनी, ती उचल. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची डिग्रीची मूळ कागदपत्रं अशीच एका ठिकाणी अडकली होती. दुसरीकडं चांगला पगार मिळत असून तिला वर्षभर हलता आलं नाही. तिच्याकडं ऑर्डर होती बरं का! बाप खूश होता.

म्हणून आता विचारायला येणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो.

जवळच्या शहरात जायचं असेल तर आधी फेऱ्या मारा. हुतात्मानं सकाळी जाऊन मुलाखत देऊन रात्री घरी येता येतं. ही सोय निजामाच्या मुलखातून आलेल्या आपल्या पणजोबांना नव्हती.

काम ठरलेलं नसेल तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तिथं एक माणूस पाहिजे, दोन-तीन महिन्यांचा खर्च पाहिजे आणि एकापेक्षा जास्त गेटवर चालेल असं कसब पाहिजे. वेल्डिंग असो, टॅली असो, नर्सिंग असो. तिन्हीतलं एकही नसेल तर थोडं थांबा, आधी त्यातलं एक तरी जमवा.

काम ठरलेलं असेल तर ते सोडता येतं का, हे आधी विचारा. मूळ कागद देऊ नका. बॉन्ड वाचल्याशिवाय सही करू नका. नोकरीसाठी कुणालाही पैसे देऊ नका.

आणि घरातल्या मोठ्यांसाठी. पोराला 'आधी ऑर्डर आण' म्हणताना आपल्या आजोबांकडं ऑर्डर होती का, ते एकदा आठवा. त्यांच्याकडं साखर पेठेतल्या एका खोलीत आधीच राहणारे चार नातेवाईक होते. पोराकडं ते नाहीत. ती पुण्यातली खोली आज कुणी उभी करायची?

माझ्या मते हे आता समाजाचं काम आहे. आपल्या शहरात ज्ञाती संस्था, मंडळं, ट्रस्ट यांची कमतरता नाही. रथोत्सव, जयंत्या, डॉल्बी यांवर खर्च होतो, त्यातला काही भाग पुण्यात वीस-पंचवीस कॉटच्या वसतिगृहावर का होऊ नये? सोलापूरचं कुठलंही पोरगं, कुठल्याही जातीचं, तीन महिने स्वस्तात राहील, काम बघेल, मग आपली खोली घेईल. पोरींसाठी वेगळं. पुण्यात स्थिरावलेल्या सोलापूरकरांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तरी निम्म्या पोरांना दस्तुरीवाल्याची पायरी चढावी लागणार नाही.

सोलापुरातच काम निर्माण झालं पाहिजे, हे शंभर टक्के खरं. त्यावर वेगळं लिहीन. पण ते होईपर्यंत जाणाऱ्याला मोकळ्या पायानं जाता यावं, एवढं तरी आपण करू शकतो.

तुमच्या घरातलं पहिलं माणूस सोलापुरात कुठून आलं, कुणाकडं उतरलं, काम किती दिवसांनी लागलं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या.