लायका कॅमेऱ्यांत फिल्म भरण्याची कथा

जर्मनींतील वेट्झलार या गांवीं अर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. तेथें १९११ सालीं ऑस्कर बार्नाक नांवाचा एक कुशल यंत्रकार दाखल झाला. रानांवनांत हिंडून छायाचित्रें घेण्याचा त्याला छंद. पण त्या काळचा कॅमेरा म्हणजे लांकडी पेटी, काचेच्या तबकड्या आणि तिवई असें सारें बिऱ्हाडच असे, आणि बार्नाकला तर दम्याचा विकार. हें ओझें टाळण्यासाठीं त्यानें जो तोडगा काढला त्यांतून एक चिमुकलें यंत्र जन्मास आलें. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घ्यावी, सिनेमाच्या चित्राच्या दुप्पट म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरचें चित्र तिच्यावर उतरवावें, आणि मागाहून तें मोठें करून छापावें, अशी ही कल्पना. १९१४ च्या सुमारास नमुना तयार झाला. मध्यें महायुद्ध आलें. अखेर १९२४ सालीं धाकट्या अर्न्स्ट लाइट्झनें धोका पत्करून उत्पादनाचा निश्चय केला आणि १९२५ च्या वसंत ऋतूंत लाइपझिगच्या जत्रेंत 'लायका' लोकांपुढें आला. १९३२ च्या नमुन्यांत भिंगाशीं जोडलेला अंतरमापक आला. त्यांत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या कीं नेम बरोबर बसला असें समजावें.

या कॅमेऱ्याच्या भिंगाची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. पण ज्यानें जुना लायका स्वतः हाताळला त्याच्या तोंडून पहिली तक्रार निघते ती फिल्म भरण्याची. कॅमेऱ्याच्या पाठीला दारच नाहीं. तळाचें झाकण काढावयाचें, एक रिकामी फिरकी बाहेर घ्यावयाची, फिल्मचें टोक तिच्या चिमट्यांत अडकवावयाचें, आणि मग फिल्मची डबी व फिरकी अशी जोडी दोन्ही हातांनीं धरून, मधली फिल्म ताणून, एका अरुंद फटींत सरळ खालीं सोडावयाची. आंत काय झालें तें डोळ्यांना दिसत नाहीं. ऐकणाऱ्यास वाटेल कीं, एवढ्या बुद्धिमान कारागिराला साधें दार सुचूं नये काय? परंतु दार नसण्यांत लाभही होता. अंग एकसंध राहिल्यानें सांगाडा ताठ राही आणि प्रकाश शिरण्यास फट राहत नसे. शिवाय प्रारंभीं फिल्म अंधाऱ्या खोलींत सुमारें दीड मीटर कापून पितळी डबींत भरावी लागे, आणि या डबीचें तोंड तळझाकणाची कळ फिरवली म्हणजेच उघडे. झाकण काढूं लागतां तें आपोआप मिटे. फिल्म डबीच्या कडेवर घासत नसे, म्हणून तिच्यावर ओरखडा उठत नसे. झाकण आणि डबी यांचें असें नातें होतें. एकट्या झाकणाला दोष देणें न्यायाचें नव्हे.

खरी मेख फिल्मच्या टोकाशीं आहे. फिल्म आडवी सरकत आंत जात नाहीं, ती कडेवर उभी राहून खालीं उतरते. टोक पूर्ण रुंदीचें असेल तर आंत पहिल्यानें जाणारा त्याचा कोपरा चित्राच्या चौकटीशीं किंवा दंतचक्राशीं अडखळतो. म्हणून पहिल्यानें आंत शिरणारी ती बाजू सुमारें १० सेंटिमीटर लांबीपर्यंत, म्हणजे वीस-एकवीस छिद्रें मोजून, कापून टाकावी लागे आणि उरे ती एक अरुंद जिभली. यासाठीं कारखान्यानें धातूचा एक सांचाही विक्रीस ठेवला होता. फिल्म त्यांत धरावी आणि कडेनें धार फिरवावी. कापणी एखाद्या छिद्रावरून जाऊं नये, ही त्यांतली मुख्य दक्षता. छिद्र अर्धवट कापलें गेलें तर तेथूनच चीर जाते आणि फिल्मचा बारीक तुकडा पडद्याच्या यंत्रांत जाऊन बसतो. असा तुकडा काढण्यास कॅमेरा उघडावा लागतो, आणि तें काम घरच्या पेचकसानें करूं नये.

१९३४ सालीं कोडक कंपनीनें स्टुटगार्ट येथील आपल्या कारखान्याच्या 'रेटिना' कॅमेऱ्याबरोबर उजेडांत भरतां येणारी तयार डबी आणली. तिच्या तोंडाला मखमलीची कड होती. अंधाऱ्या खोलीची कटकट गेली. पण पुढें बहुतेक कॅमेऱ्यांना पाठीचें दार आलें, लांब जिभलीची गरज उरली नाहीं, आणि फिल्म करणाऱ्यांनीं ती आखूड केली. त्यामुळें आज जुन्या लायकांत नवी फिल्म भरणारा मनुष्य बार्नाकच्या काळच्या माणसाहून अधिक अडचणींत सांपडतो. कोणी फटींत जाड कागदाचें कार्ड घालून त्याच्या आधारानें फिल्म उतरवतात व मग कार्ड ओढून घेतात. कोणी भिंग काढून, पडदा उघडा रोखून धरून, समोरून बोटानें फिल्म जागेवर ढकलतात. दुसरी युक्ति धाडसाची आहे, कारण पडदा कापडाचा असतो आणि बोटाचा धक्का त्यास सोसत नाहीं. कात्रीनें जिभली लांब करणें हाच सरळ उपाय. बाकीच्या युक्त्या आळसाच्या.

मात्र फिल्म अडकणें हा दोष निदान तेथल्या तेथें कळतो. न कळणारा दोष निराळाच. जिभली फिरकीच्या चिमट्यांतून निसटते, उजव्या हाताची गुंडी खुशाल फिरत राहते, आंकडे एकामागून एक पुढें सरकतात. कारण आंकड्यांची तबकडी गुंडी मोजते, फिल्म मोजत नाहीं. छत्तीस वेळां पडदा उघडतो, मिटतो, आणि धुतल्यावर फिल्म जवळजवळ कोरी निघते. लग्नाचें चित्र असो कीं प्रवासाचें, तो क्षण पुन्हा येत नाहीं. यास एकच साक्षीदार आहे, तो म्हणजे डाव्या हाताची, फिल्म परत गुंडाळण्याची गुंडी. फिल्म भरल्यावर ती बाणाच्या दिशेनें हलकेच फिरवून सैलपणा काढून घ्यावा. मग उजवी गुंडी फिरवितांना डावी गुंडी उलट दिशेनें फिरूं लागली, तरच फिल्म चालली असें मानावें. शेवटच्या चित्रापाशीं गुंडी ताठ झाली कीं जोर करूं नये. जोरानें छिद्रें फाटतात, किंवा फिल्म डबीच्या दांडीपासून सुटते आणि मग अंधाऱ्या खोलीवांचून गति नाहीं. परत गुंडाळण्यापूर्वीं खटका 'आर' या अक्षराकडे वळविण्यास विसरणारेही थोडे नाहींत.

ड्रेस्डेनच्या झाइस-इकॉन कंपनीनें १९३२ सालीं काढलेल्या 'कॉन्टॅक्स'ची पाठ तळासकट सबंध निघे. भरणें पुष्कळ सोपें झालें. परंतु सोयीनें माणसाचे हात स्थिर होतात असें नाहीं. ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर रॉबर्ट कापा कॉन्टॅक्स घेऊनच उतरला होता. फिल्म संपली; नवी भरावयास गेला तों ओल्या, थरथरत्या हातांत ती भरण्यापूर्वींच वाया गेली, असें त्यानें १९४७ च्या आपल्या पुस्तकांत लिहून ठेवलें आहे. त्या सकाळचीं त्याचीं दहा-अकराच चित्रें उरलीं. बाकीचीं लंडनच्या प्रयोगशाळेंत उष्णतेनें बिघडलीं असें पुष्कळ वर्षें सांगितलें जाई. अलीकडे अभ्यासकांनीं त्याबद्दल शंका घेतली आहे.

लायकाची नक्कल करणाऱ्यांनीं ही अडचणही उचलली. खारकोव्ह येथें १९३४ पासून निघालेला 'फेड' तळानेंच भरावा लागे. १९५५ च्या दुसऱ्या 'फेड'ची पाठ मात्र सुटी झाली. स्वतः लाइट्झ यांनीं १९५४ सालच्या 'एम ३' मध्यें पाठीला एक लहान झडप दिली, म्हणजे फिल्म जागेवर बसली कीं नाहीं हें निदान पाहतां येऊं लागलें. १९६७ च्या 'एम ४' मध्यें काढावी लागणारी फिरकी गेली आणि फिल्मचें टोक धरून ठेवणारी तीन पाकळ्यांची फिरकी आली. तळझाकण तसेंच राहिलें. फिल्मच नसलेल्या अंकीय लायकांनाही तें पुष्कळ वर्षें होतें. २०२२ सालीं निघालेल्या 'एम ११' मधून तें अखेर गेलें. आणि त्याच वर्षीं कंपनीनें फिल्मचा 'एम ६' पुन्हा बाजारांत आणला, त्यास मात्र तें झाकण आहे.