दिनविशेष : १७ सप्टेंबर

१९९४ : नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचे नाव आणि मुहूर्तही मुक्तिदिनाचाच. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे.

विद्यापीठाच्या जीवशास्त्र संकुलातले एक काम आज आवर्जून आठवावे. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी एरवी तोंडात, आतड्यात निमूट राहते. प्रतिकारशक्ती खालावली की उलटते. कवळीवर किंवा कॅथेटरवर तिचा चिकट थर बसला, की नेहमीच्या औषधांनाही ती सहसा दाद देत नाही. प्रा. मोहन करुप्पयिल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वनस्पतींतली २८ टर्पिनॉइड संयुगे या बुरशीवर तपासली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुदिन्यातले मेन्थॉल, धण्यांच्या तेलातले लिनालूल, तसेच फार्नेसॉल यांनी हा थर रोखल्याचे दिसले. प्रयोगशाळेतल्या यशापासून औषधापर्यंतची वाट लांब असते. तरी मराठवाड्यातल्या मुलांनी घराजवळ राहून असे संशोधन करावे, हे या विद्यापीठाचे मोठेच देणे.

यातले फार्नेसॉल ही बुरशी स्वतःही तयार करते. पेशींची गर्दी वाढली की तंतू फुटणे थांबवण्याचा तो तिचाच संकेत असतो.