तळटीप : ‘लाँग’चा आकार आणि यंत्रायंत्रांतला फरक
* फाइलचा आकार ‘लाँग’मध्ये साठवण्याची लेखकाची ही पद्धत ६४ बिटांच्या लिनक्सवर बिनघोर चालते, कारण तिथे ‘लाँग’ ६४ बिटांचा असतो. तोच प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर कंपाइल केला, की ‘लाँग’ ३२ बिटांचाच राहतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. म्हणजे फाइल २ गिगाबाइटची झाली की हिशेब कोलमडतो. कंपायलर बहुधा चकार शब्दही काढत नाही.

दोन्ही यंत्रे नियमानेच वागतात. ‘लाँग’ किमान ३२ बिटांचा हवा, एवढेच सी भाषेचे मानक सांगते.

१९९९च्या मानकाने यावर चांगली सोय केली. ‘एसटीडीइंट’ या हेडर फाइलमध्ये ‘इंट६४_टी’सारखे प्रकार आले, त्यांची रुंदी नावातच ठरलेली असते. नव्या कोडमध्ये तेच वापरावेत. छापतानाही ‘%एलडी’ ठोकून न देता ‘इंटटाइप्स’मधला ‘पीआरआयडी६४’ घ्यावा.

‘कॅर’ याहून फसवा. इंटेलच्या यंत्रांवर जीसीसी तो चिन्हासहित धरतो, एआरएम लिनक्सवर चिन्हाविना. ‘गेटकॅर’चे उत्तर ‘कॅर’मध्ये ठेवून ‘ईओएफ’शी ताडले, तर इंटेलवर सहसा निभावते. एआरएमवर मात्र -१ ऐवजी २५५ हाती येतात, तुलना कधीच जुळत नाही आणि फाइल संपली तरी लूप फिरतच राहतो. ते उत्तर ‘इंट’मध्येच घ्यावे. — संपादक