चेहऱ्याचे अल्पछेदी सौंदर्योपचार

मोठी शस्त्रक्रिया न करता सुई, आम्ल, लेझर किंवा विरघळणाऱ्या धाग्यांनी चेहऱ्यावरील सुरकुत्या, व्रण आणि डाग कमी करणारे उपचार. भूल बहुधा मलमाचीच असते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

सर्वांत परिचित उपचार बोटॉक्सचा. बोटुलिनम विषाची अल्प मात्रा स्नायूत टोचली की मज्जातंतूचा संदेश तिथे पोहोचत नाही. स्नायू सैलावतो आणि कपाळावरची आठी उतरते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि तीन-चार महिने टिकतो. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आकडीवर हे औषध वापरत असताना हा गुण लक्षात आला. त्यांनी व त्वचातज्ज्ञ पती अॅलिस्टर यांनी 1992 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत आठ्यांसाठी मान्यता 2002 मध्ये मिळाली. फिलरचे काम वेगळे. हायल्युरोनिक आम्लाचे जेल खोलगट भाग भरून काढते.

पालघर तालुक्यातील घिवलीसारख्या मासेमारीच्या गावात मात्र सुरकुतीपेक्षा वांग आणि काळवंडलेले गाल हाच मोठा प्रश्न. ऊन वरून पडते, शिवाय पाण्यावरून आणि वाळूवरूनही परतते. होडीवर, मासळी वाळवताना, बाजारात बसताना ते चुकत नाही. सावळ्या त्वचेत रंगद्रव्य लवकर चेतते. त्यामुळे जोरकस पील (आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलणे) किंवा लेझरने डाग जाण्याऐवजी नवा, अधिक गडद डाग उमटू शकतो. गोऱ्या कातडीवरची ‘आधी-नंतर’ छायाचित्रे इथे फारशी उपयोगाची नाहीत. ग्लायकोलिक आम्लाचे सौम्य पील टप्प्याटप्प्याने घेणे बरे. मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुया टोचून नवे कोलॅजन तयार व्हायला चालना देतात. मुरुमांच्या खड्ड्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. वांगावर लेझर हा पहिला उपाय नव्हेच. दृश्य प्रकाशानेही वांग वाढतो. म्हणून लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन साध्यापेक्षा सरस ठरते. पीलनंतर काही आठवडे ऊन टाळावे लागते. होडीवर जाणाऱ्याला त्यासाठी जून-जुलैची मासेमारीबंदी सोयीची, पण ढगाळ दिवसांतही सनस्क्रीन सुटत नाही.

दुकानातून परस्पर आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली ‘गोरेपणाची’ क्रीम आधी थांबवावी लागते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. अशा 14 स्टेरॉइड मलमांना 2018 मध्ये डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक करण्यात आली. त्यांच्या दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, लाली आणि मुरुम येतात. त्यावर पील केले तर भाजल्यासारखे होते.

गर्भवती व स्तनदा मातांना बोटॉक्स देत नाहीत. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. टोचल्यावर तीव्र वेदना, पांढरा वा जाळीदार जांभळा डाग किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर डॉक्टरांना गाठायला क्षणाचाही विलंब नको. जेल विरघळवणारे हायल्युरोनिडेज डॉक्टरांच्या हाताशी असते का, हे जवळच्या बोईसरला जा की मुंबईला, सुई घेण्याआधी विचारून घ्यावे.