कुत्रीच्या गर्भपिशवीत पू होणे : पायोमेट्रा आणि नसबंदी

माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्रीचे पोट वाढू लागले की घरचे समजतात, पिल्ले होणार. पुष्कळदा ते खरेच असते. पण तिने खाणे सोडले असेल आणि ती सारखी पाणीच पीत असेल, तर गर्भपिशवीत पू साठला असू शकतो. या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर कुत्री दगावते.

मी माणसांचा डॉक्टर. तरी जव्हार-मोखाड्याकडचे रुग्ण स्वतःचे औषध घेऊन झाल्यावर विचारतात, ‘कुत्रीला द्यायला एखादी गोळी आहे का?’ म्हणून हे लिहितो आहे.

हा आजार का होतो?

माजानंतर, गर्भ राहो वा न राहो, कुत्रीच्या शरीरात सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक जास्त असते. त्याने पिशवीचे अस्तर जाड होते, आत स्राव साठतो आणि पिशवीचे तोंड मिटते. माजात तोंड उघडे असताना शिरलेले जंतू, बहुधा ई. कोलाय, तिथे वाढतात. दर माजागणिक अस्तर बिघडत जाते, म्हणून मध्यम वयानंतर धोका जास्त. स्वीडनमध्ये नसबंदीची पद्धत कमी होती. तिथल्या विम्याच्या नोंदींत वयाच्या 10 वर्षांपर्यंत साधारण चारांतल्या एका कुत्रीला हा आजार झालेला दिसला. माज थांबवणारी इंजेक्शनेही हा धोका वाढवतात.

कसे ओळखाल?

योनीतून पू किंवा रक्तमिश्रित घाण वास येणारा स्राव, मरगळ, उलट्या, जास्त तहान, जास्त लघवी. कुत्री स्वतःला चाटून साफ करते, त्यामुळे स्राव नजरेतून सुटतो. पिशवीचे तोंड पूर्ण बंद असेल तर स्राव येतच नाही, फक्त पोट फुगते. हा प्रकार अधिक घातक, कारण पिशवी फुटू शकते आणि विष रक्तात पसरते. ताप असेलच असे नाही. दिवाळीनंतर घरची माणसे कामाला बाहेर जातात आणि कुत्री पाड्यावर म्हाताऱ्यांकडे राहते. जाताना ती कधी माजावर आली होती, एवढे त्यांना सांगून ठेवा.

काय करावे?

त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. सोनोग्राफीने पिल्ले की पू हे कळते. खात्रीचा उपचार म्हणजे सलाइन-अँटिबायोटिक देऊन पिशवी व अंडाशय काढणे. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्या. मुंबईत कोणी नातेवाईक असतील तर परळचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ त्यांना ठाऊक असते. घरातल्या उरलेल्या कॅप्सूलने पू बाहेर पडत नाही, दिवस मात्र वाया जातात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर देऊच नका. कुत्र्यांना ती विषारी ठरू शकतात.

स्राव पुसताना हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, नंतर साबणाने हात धुवा. दुखणारी कुत्री घरच्यालाही चावते. तसे झाले तर जखम 15 मिनिटे साबण-पाण्याने धुऊन लगेच सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्या.

नसबंदी कधी?

निरोगी कुत्रीची नसबंदी सोपी असते. तीच शस्त्रक्रिया पू झाल्यावर जोखमीची होते. साधारण सहा महिन्यांनंतर, माज चालू नसताना करतात. मोठ्या जातींत थोडे थांबायला सांगतात. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. नसबंदी लवकर झाली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो. नंतर वजन वाढते, म्हणून खाणे थोडे कमी ठेवावे. काही कुत्र्यांना पुढे लघवी गळण्याचा त्रास होतो, त्यावर औषध आहे.